पहिलं मशीन: सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "मी अहमदपूर तालुक्यातला. लातूरला इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी स्वतःचा अँप्लिफायर बनवायचा आहे. व्हिडिओ बघून ५२००-१९४३ चा दोनशे वॉटचा बोर्ड पसंत केलाय. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून बांधून घेणार. जवळ तीन हजार रुपये आहेत, सोल्डरिंग कॉलेजात दोन-तीनदा केलंय. काका, ऑर्डर टाकण्याआधी काय तयारी करू?"

तुझ्या त्या शेवटच्या वाक्यासाठी एवढं लांबलचक लिहितोय. ऑर्डर टाकण्याआधी विचारणारी पोरं मला फार कमी भेटली. नांदेडला अठ्ठावीस वर्षं रेडिओ, टेप, भजनी मंडळाची मशीनं (आम्ही अँप्लिफायरला मशीनच म्हणतो) दुरुस्त करतोय. हौशी पोरं दुकानात येतात ती बोर्ड जळल्यावर, कॅरीबॅगमध्ये घालून. मी विचारतो, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा होता? उत्तर येतं, "बाराचा." पुढं विचारतो, डीसी किती निघत होतं? मग गप्प.

मीही त्यातलाच होतो. पहिलं मशीन बनवलं ते ४४४० आयसीचं (आयसी म्हणजे जवळपास अख्खं सर्किट मावलेली चिप), गणपतीच्या आदल्या रात्री. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२. मला वाटलं चार डायोडचा ब्रिज लावायचा म्हणजे दोन टोकं ब्रिजला द्यायची, मधली वायर कशाला लागते? टेप लावून बाजूला ठेवली. बटण दाबलं आणि आयसीच्या अंगावरचा टवका उडून भिंतीला लागला. दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट होते, ब्रिजनंतर कपॅसिटरवर ३२ च्या आसपास गेले. तो आयसी चालू अवस्थेत १८ च्या वर सोसत नाही. ज्यांच्याकडं शिकत होतो ते उस्ताद काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर शंभर पानी वही ठेवली आणि हिशेब त्यात मांडल्याशिवाय आयर्नला हात लावायचा नाही, एवढंच बजावलं. आता मी तुला तेच सांगतोय, फक्त कारणांसकट.

तर आधी तो दोनशे वॉटचा बोर्ड बाजूला ठेव. कायमचा नाही, वर्षभरासाठी. ५२०० आणि १९४३ हे ट्रान्झिस्टर वाईट नाहीत. तोशिबाची ही मूळ जोडी २३० व्होल्ट आणि १५ अँपिअरची, चांगली दणकट आहे. पण हिशेब बघ. ८ ओहमच्या स्पीकरवर दोनशे वॉट म्हणजे ४० व्होल्ट, त्याचं शिखर, म्हणजे लाटेचं वरचं टोक, साडेछप्पन. ट्रान्झिस्टरमधली घट धरली की सप्लाय अधिक-उणे ६० लागतो. म्हणजे तुझ्या उघड्या बोर्डवर दोन टोकांमध्ये १२० व्होल्ट डीसी, तेही मोठ्या कपॅसिटरमध्ये भरून ठेवलेलं. बटण बंद केल्यावरही ते तिथंच असतं. त्यातून एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ६० व्होल्ट डीसी सरळ स्पीकरमध्ये जातं आणि कॉइल काही सेकंदांत जळते. त्यासाठी प्रोटेक्शन रिले (असं झालं की स्पीकर तोडणारा स्विच) लागतो, आणि स्वस्त बोर्डावर तो बहुतेक वेळा नसतोच. एका जोडीवर दोनशे वॉट ओढणंही तिच्यावर अन्याय आहे. वर या दोन नंबरांचा नकली माल बाजारात भरपूर. तीन हजारांत हे सगळं नीट बसत नाही. बसवलं तर ते अर्धवटच बसतं.

आणि तुला खरंच किती वॉट लागतात, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. साध्या घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ ते ८८ डेसिबल आवाज मिळतो. ८८ धरू. दहा वॉटला ९८ होतात. वीस वॉटला १०१. वॉट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे वीस वॉटचं मशीन आणि दोनशे वॉटचं मशीन यांत ऐकणाऱ्याला फरक दुपटीचाच, पण बनवणाऱ्याच्या कटकटी दहापट. बारा बाय बाराच्या खोलीत ९८ डेसिबल म्हणजे आई बाहेरून ओरडलेली ऐकू येणार नाही. खोक्यावर छापलेले हजार-दोन हजार पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेले, वॉट विसरून जा. ते आकडे कागदावरच राहतात, स्पीकरपर्यंत पोचत नाहीत.

आता वही उघड. हिशेब स्पीकरपासून सुरू कर आणि उलटा चालत ये: स्पीकर, वॉट, व्होल्ट, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक (आयसीची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), खोकं आणि सगळ्यात शेवटी खरेदीची यादी. बहुतेकजण बोर्डपासून सुरू करतात आणि मग त्या बोर्डला शोभेल असा ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरला मावेल असं खोकं शोधत फिरतात. पैसे तिथंच जातात.

उदाहरण घेऊ. स्पीकर ८ ओहम, दर चॅनलला दहा वॉट. वॉट गुणिले ओहम म्हणजे ८०, त्याचं वर्गमूळ जवळपास ९ व्होल्ट. त्याला १.४१४ ने गुण, शिखर आलं १२.६. आयसी स्वतःकडं तीनेक व्होल्ट ठेवून घेतो. म्हणजे सप्लाय अधिक-उणे १६ पाहिजे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, मधली वायर ग्राउंडला, दोन टोकं ब्रिजला: १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून डायोडचा एक व्होल्ट वजा, बरोबर १६. कागदावर छान जमलं. पुस्तकात इथंच थांबतात.

आपल्याकडं इथं थांबून चालत नाही. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे, आणि २३० च्या मेन्सवरचे, म्हणजे घरच्या लाइनवरचे. मशीन नुसतंच चालू असेल, गाणं लावलेलं नसेल, तेव्हा लहान ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के जास्त देतो. त्यात आपल्या गावातली लाइन. शेतातल्या मोटारी चालू असल्या की लाइनच्या शेवटच्या टोकाला मी १७० व्होल्ट मोजलेत, आणि मोटारी बंद झाल्यावर रात्री त्याच घरात २६०. आता पुन्हा मांड: १२ चे दहा टक्क्यांनी १३.२, मेन्स २६० झाल्यावर १४.९, त्याला १.४१४, वजा डायोड, आले वीस व्होल्ट. अधिक-उणे २०.

आता आयसी निवड. टीडीए २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८ आहे. म्हणजे दुपारी मस्त वाजलेलं मशीन रात्री अकराला, तू आवाज बंद करून झोपल्यावर, नुसतं चालू राहिलं म्हणून जाऊ शकतं. आणि मग आपण म्हणतो माल डुप्लिकेट होता. एलएम १८७५ ला दोन टोकांत मिळून ६० व्होल्टपर्यंत चालतं, म्हणजे अधिक-उणे ३०. त्याच ट्रान्सफॉर्मरवर तो आरामात बसतो. माझा सल्ला घरच्या मशीनसाठी एलएम १८७५ चाच, दोन चॅनलला दोन. पाचच पाय, सर्किटला मोजून दहा-बारा भाग, आणि आवाज इतका स्वच्छ की पुढं बरीच वर्षं दुसरं बनवावंसं वाटणार नाही.

फोनवरून थेट चालेल का, हेही वहीतच कळतं. त्या सर्किटमध्ये गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, ठरवणारे दोन रेझिस्टर असतात, २० के आणि १ के (के म्हणजे हजार ओहम). २० भागिले १, अधिक १, म्हणजे गेन २१. दहा वॉटला ९ व्होल्ट लागतात. ९ भागिले २१ म्हणजे ०.४३ व्होल्ट. बहुतेक फोनच्या हेडफोन पिनमधून तेवढं निघतं. म्हणजे प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारा बोर्ड) नको, बास-ट्रेबलचा बोर्ड नको, इकोचा बोर्ड तर मुळीच नको. पहिल्या मशीनला वाढवलेला प्रत्येक बोर्ड म्हणजे गुरगुरीला एक नवी वाट.

उष्णतेचा हिशेब मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण परदेशी व्हिडिओत तो नसतो आणि आपल्याकडं मशीन मे महिन्यातच मरतं. डेटाशीटमधले, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातले, बरेचसे आकडे २५ अंशांवरचे असतात. मे महिन्यात लातूर-परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि मशीनच्या बंद खोक्यात ५५ धरूनच चालावं. आता समजा पुढंमागं कुणी ४ ओहमचा स्पीकर आणून जोडला. जोडणारच, पाहुणे ऐकत नाहीत. अधिक-उणे १६ वर ४ ओहमला एक आयसी जास्तीत जास्त १३ वॉट उष्णता टाकतो. आयसीच्या आतल्या चिपपासून त्याच्या पाठीपर्यंत दर वॉटला ३ अंश, मधल्या अभ्रकाच्या चकतीत साधारण १ अंश, आणि हीट सिंक लहान असेल तर ४. बेरीज ८. आठ गुणिले तेरा म्हणजे १०४ अंश वाढ. पुण्यातल्या एखाद्या एसी लॅबमध्ये २५ अधिक १०४, १२९. चालतंय. तुझ्याकडं मे महिन्यात ५५ अधिक १०४, १५९. मर्यादा १५० ची. आयसीत संरक्षण आहे, आणखी थोडा तापला की तो स्वतःला मध्येच बंद करेल, थंड झाल्यावर पुन्हा वाजेल. तुला वाटेल कुठंतरी सोल्डर सुटलंय, आणि तू दोन दिवस नसलेली गोष्ट शोधत बसशील. तोच हीट सिंक बराच मोठा, म्हणजे दर वॉटला २ अंशांचा घे, १३३ वर थांबतं.

असा हीट सिंक नवीन घ्यायला जाऊ नको. भंगारवाल्याकडं जुन्या यूपीएसचे, स्टॅबिलायझरचे अॅल्युमिनियमचे पंख्याच्या पात्यांसारखे जाड हीट सिंक किलोवर मिळतात. फक्त एक ध्यानात ठेव: एलएम १८७५ ची धातूची पाठ उणे सप्लायला आतून जोडलेली असते. अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचा बुश न लावता हीट सिंक लोखंडी खोक्याला कसला, तर उणे सप्लाय सरळ ग्राउंडला शॉर्ट. कसून झाल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि हीट सिंक यांत बीप वाजतो का ते बघायचं. वाजला तर उघडायचं. पांढरी हीट सिंक पेस्ट पातळ लावायची. पुरणपोळीवर तूप ओतल्यासारखी नाही.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर, जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही "ट्रान्सफॉर्मर मिळेल" म्हणून उघडू नको. त्यात तुझ्या कामाचा ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो, आणि ट्यूबमध्ये बंद करून ठेवल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात. जुनी होम थिएटरं आणि टेप मात्र जरूर घे. ट्रान्सफॉर्मर, जॅक, नॉब, स्क्रू, सगळं निघतं. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढे टाकून दे, ते वाळलेले असतात.

एवढं सगळं वाचून तुला मेन्सचं मशीन लगेच बनवावंसं वाटेल. तरी त्याआधी एक पायरी घे. घरी फवारणीचा बॅटरीवाला पंप असेलच. नसेल तर शेजारी असेल. त्यातली बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची असते. फवारणी नसते त्या दिवसांत ती नुसती पडून असते. ४४४० आयसी मुळात गाडीच्या टेपसाठी, १३.२ व्होल्टसाठी बनवलेला. या बॅटरीवर तो अगदी घरच्यासारखा राहतो. दर चॅनलला सहा वॉट, ४ ओहमवर. मेन्स नाही म्हणून शॉक नाही, गुरगुर नाही, भारनियमनाचीही चिंता नाही. पाच-सहा तास सहज वाजतं. एकच अट: बॅटरीच्या अधिक टोकापासून चार बोटांवर ३ अँपिअरचा फ्यूज बसवायचा, मग पुढची वायर. बॅटरी शॉर्ट झाली तर प्रचंड करंट फेकते, वायर लाल होते आणि हात भाजतो. बॅटरी लहान दिसते म्हणून तिला हलक्यात घेऊ नको.

या पायरीवर तुझं सोल्डरिंग, वायरिंग, व्हॉल्यूम कंट्रोलची जोडणी सगळं पक्कं होतं, आणि चूक झाली तर एक आयसी जातो, दुसरं काही नाही. सोल्डरिंग दोन-तीनदा केलंय म्हणालास. ते पुरेसं नाही. भंगारातला एक बोर्ड घे, त्यावरचे पन्नास भाग काढ आणि पुन्हा बसव. मग नवीन कामाला हात लाव. आयर्न २५ वॉटचं, सोल्डर ६०-४० आणि आत रोझिन असलेलं. नळ आणि पत्रा जोडणारे जी अॅसिडची पेस्ट वापरतात ती बोर्डला लावू नको, सहा महिन्यांत तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या जाड वायरांना २५ वॉट पुरत नाहीत, तिथं ६० वॉटचं कुणाकडून तरी मागून आण. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात धुऊनच भाकरीला बस.

मीटर स्वस्त पिवळा चालेल, फक्त लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नको. तो थेट शॉर्ट असतो. हा धडा प्रत्येकजण एकदा शिकतो, तू नको शिकूस.

आता यादी. तुझ्या-माझ्यासारख्या आडगावच्या माणसासाठी यादी हेच खरं काम आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडजवळ राहणाऱ्याला एक रेझिस्टर कमी पडला तर तो चप्पल घालून जातो आणि आणतो. आपल्याला लातूरहून पुण्याची तापकीर गल्ली किंवा हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली गाठायची तर रात्रीची गाडी पकडावी लागते, नसता कुरिअरची चार दिवस वाट बघायची. रुपयाचा भाग आणि पन्नासचं पार्सल. म्हणून सर्किट वहीत स्वतःच्या हातानं काढ. छापलेलं चिकटवू नको. काढताना कुठली पिन कुठं जाते ते डोक्यात बसतं. मग प्रत्येक भागापुढं त्याचं मूल्य (ओहम किंवा मायक्रोफॅरड), व्होल्ट, वॉट आणि नग लिही. "कपॅसिटर ४७००" एवढं लिहून चालत नाही; ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. वीस व्होल्ट येऊ शकतात हे आपण मघाशी काढलं, म्हणून २५ चा नको, ३५ चा. दोन चॅनलला मिळून प्रत्येक बाजूनं एक अँपिअर ओढला तर ४७०० वर लहरी, म्हणजे सप्लायमधला चढउतार, दोन व्होल्टच्या आसपास राहतात, तेवढं चालतं.

आयसी एक लागत असेल तर दोन घे. रेझिस्टर प्रत्येक मूल्याचे दहा. फ्यूज तर पाच घेच. व्हॉल्यूम कंट्रोल घेताना त्यावरचं अक्षर बघ: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. आवाजासाठी ए. बी लावला तर पहिल्या थोड्या फिरवण्यातच सगळा आवाज येतो आणि पुढं नुसता नॉब फिरत राहतो. आकडा ५०३ म्हणजे ५० आणि पुढं तीन शून्यं, पन्नास हजार ओहम. छोट्या कपॅसिटरवर १०४ असतं तेही याच रीतीनं वाचायचं, फक्त पिकोफॅरडमध्ये, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. आयसी हातात आला की थिनरनं पुसून बघ. वरची छपाई पुसली गेली तर तो परत कर. पुसली नाही म्हणजे असली असं मात्र समजू नको.

आउटपुटजवळ १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची एक जोडी ग्राउंडला गेलेली दिसेल. व्हिडिओतले लोक "हे नाही लावलं तरी आवाज येतो" म्हणून ती गाळतात. लांब स्पीकर वायरीवर आयसी कानाला न ऐकू येणारी शिट्टी मारायला लागतो आणि विनाकारण तापतो, ते थांबवायला ती जोडी असते. लाव.

खोकं. जुन्या स्टॅबिलायझरचं लोखंडी खोकं मला सगळ्यांत आवडतं. भोकं पाडायच्या आधी पुठ्ठ्यावर खऱ्या मापात मांडणी कर: ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, फोनचं इनपुट त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, हीट सिंक मागं किंवा बाजूला, पाती उभी. हवा खालून येऊन वर जायला हवी. आणि भोकांना आतून बारीक जाळी लाव. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये दरवर्षी दोन-तीन पाली मेलेल्या सापडतात, मेन्सच्या टर्मिनलवरच. ऊब मिळते म्हणून त्या आत शिरतात.

गुरगुरीचं मूळ बहुतेक वेळा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये असतं. पाटाच्या पाण्यासारखं समज. एकाच पाटावर वर कुणी मोठं दारं फोडलं की खालच्या वाफ्यातलं पाणी हलतं. स्पीकरचा मोठा करंट आणि फोनचा नाजूक सिग्नल एकाच ग्राउंड वायरीतून परत आणला तर सिग्नलचं पाणी हलत राहतं, आणि ते हलणं एकवीस पट होऊन स्पीकरमधून ऐकू येतं. म्हणून दोन मोठ्या कपॅसिटरच्या मध्ये एक बिंदू ठरव. स्पीकरची, इनपुटची, आयसीची, प्रत्येकाची ग्राउंड वायर स्वतंत्र त्या बिंदूपर्यंत आण. इनपुटला शिल्डेड, म्हणजे भोवती तारांची जाळी असलेली, वायर. ट्रान्सफॉर्मर पक्का कसण्याआधी मशीन चालू ठेवून हात न लावता, लाकडी पट्टीनं तो थोडा फिरवून बघ. एका कोनात गुरगुर सगळ्यांत कमी होते, तिथं कस. ब्लूटूथचा बोर्ड त्याच सप्लायवर लावला तर किरकिर येते, तेव्हा तो वेगळ्या चार्जरवर चालव. आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणणारच. दोष शोधायला बसण्याआधी लाइट आल्यावर एकदा ऐक.

लोखंडी खोकं म्हणजे तीन पिनी वायर आणि खोक्याला अर्थ, यात तडजोड नाही. त्याआधी घरात अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घे. सॉकेटला तिसरं भोक असतं, मागं वायर नसते, असं मी अर्ध्या घरांत पाहिलंय. असली तरी उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. अर्थ नसेल तर ती सोय होईपर्यंत बॅटरीच्या मशीनवर थांब.

मशीनच्या आधी सिरीज बोर्ड बनव: एक होल्डर, एक सॉकेट, होल्डरमध्ये ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब, मशीनच्या मालिकेत. एलईडी बल्ब इथं कामाचा नाही. तारेचा बल्ब आता सहज मिळत नाही, दिसला की दोन घेऊन ठेव. मेन्सची जोडणी पहिल्यांदा करशील तेव्हा घरात कुणीतरी मोठं माणूस हजर ठेव, आणि एक हात खिशात.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडायचा नाही. सिरीज बोर्डात लाव. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर कपॅसिटर भरले आणि सगळं ठीक. चमकतच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. बंद कर, आणि आयसी वाचला म्हणून त्या बल्बचे आभार मान. मंद झाला तर सप्लाय मोज, अधिक आणि उणे जवळपास सारखे हवेत. मग स्पीकरच्या टोकांवर डीसी मोज. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढं जा. एखादा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर स्पीकर लावायचाच नाही, गेनच्या रेझिस्टरची आणि त्यांच्याजवळच्या कपॅसिटरची जोडणी वहीतल्या चित्राशी ताडून बघ. बंद केल्यावर दोन्ही मोठ्या कपॅसिटरवर २.२ के चा रेझिस्टर असेल तर अर्ध्या मिनिटात ते रिकामे होतात. हात घालण्याआधी तरी मीटरनं खात्री कर. सगळं बरोबर आलं की जुन्या रेडिओतला फुकटचा स्पीकर लाव, चांगला नंतर.

ट्रान्सफॉर्मर अजून बांधायला टाकला नसशील तर बरं. वाइंडिंगवाल्याला सांग: १२-०-१२, २ अँपिअर, प्रायमरी (मेन्सकडचं वेटोळं) आणि सेकंडरी (१२-०-१२ चं वेटोळं) यांच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचं शिल्ड आणि त्याची वेगळी वायर. ती वायर खोक्याच्या अर्थला जाईल. "२४ व्होल्टचा" असं सांगू नको, तो मधली वायर न काढता देईल. बांधून आणल्यावर आधी रिकामा लावून सिरीज बल्बवर अर्धा तास ठेव, आणि प्लग काढून हात लाव. नुसत्या रिकाम्यावर गरम झालेला ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी परत न्यायचा. खोक्यात कसून भोकं पाडल्यावर तो परत घेत नाही.